फारकत : एका शब्दाचा हिशेब

रायपूरच्या गोल बाजारात बांगड्या, साड्या, भांडी आणि पूजासाहित्य यांची दुकाने आहेत. लग्नाची खरेदी येथे होते. आणि विवाह मोडल्यास ज्यांच्या मालकीवरून वाद होतो, त्याही बहुधा अशाच वस्तू असतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी आणि छत्तीसगढी यांचा या प्रदेशात दीर्घ सहवास घडला. दोन्ही भाषांतील विवाहविच्छेदाची शब्दावली शेजारी ठेवली असता त्यामागील आर्थिक विचार स्पष्ट होतो.

मराठीतील ‘काडीमोड’ हा शब्द विधी सुचवतो, तर ‘सोडचिठ्ठी’ लेखी कागद. ‘फारकत’ मात्र मुळात देण्याघेण्याच्या व्यवहारातील शब्द : फारसी ‘फारिगखत’ म्हणजे देणे फिटल्याचा दाखला. छत्तीसगढीतील ‘छोड़-छुट्टी’ हाही मुक्ततेचाच शब्द होय. तेथे पुनर्विवाहाला ‘चूड़ी पहनाना’ म्हणतात. मराठीत त्याला ‘पाट’ म्हणत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात मध्य प्रांतातील अनेक जातींत नवा पती पहिल्या पतीला भरपाई देत असल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे स्त्रीला मोकळीक मिळे, पण हिशेब दोन पुरुषांत मिटे.

ब्रिटिश न्यायालयांनी ही मोकळीकही संकुचित केली. पतीच्या संमतीवाचून विवाह मोडून स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये अमान्य केला. रखमाबाईंना १८८७ मध्ये पतीकडे जाण्याचा अथवा कारावास भोगण्याचा आदेश झाला. १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. शास्त्रोक्त विवाह असूनही येथेही पैसा पतीकडेच गेला, हे लक्षणीय आहे.

बडोदा संस्थानात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचे कायदे झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पैशाची दिशा बदलण्याची तरतूद केली. कलम २४ व २५ नुसार अंतरिम व कायम निर्वाहखर्च मागता येतो. तो पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येतो. विवाहप्रसंगी मिळालेल्या संयुक्त मालकीच्या वस्तूंविषयी कलम २७ आहे. स्त्रीधन सासरी ठेवले तरी त्यावरील मालकी स्त्रीचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले.

तरीही जुना व्यवहार संपला नाही. कलम २९(२) ने रूढीसिद्ध घटस्फोट राखून ठेवला आहे; मात्र २००२ च्या निर्णयानुसार ती रूढी न्यायालयात मांडून सिद्ध करावी लागते. केवळ मुद्रांकावर लिहिलेली छोड़-छुट्टी त्यासाठी पुरेशी नाही. ती सिद्ध न झाल्यास पुढचा विवाहच अवैध ठरण्याचा धोका असतो, आणि त्याची झळ निर्वाहखर्चाच्या हक्कालाही पोहोचू शकते.

पुराव्याची अडचण दागिन्यांबाबतही असते. खरेदीची पावती अनेकदा वडील वा सासरे यांच्या नावाची. वस्तू मात्र स्त्रीच्या अंगावरची. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उभय पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र देणे आवश्यक केले आणि निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून देय ठरवला.

‘पोटगी’ या शब्दात अद्याप पोटापुरतेच देणे सूचित होते. कायद्याने मान्य केलेली मालकी त्यात मावत नाही. फारकतीचा हिशेब आता स्त्रीच्या नावे मांडला जातो. तो पूर्ण होण्यासाठी तिच्या नावाची पावतीही असावी लागते.