एल.एस.टी.-३२५ : एका रणगाडावाहू नौकेचा सेवा-इतिहास

प्रस्तावना
दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासलेखनात विमानवाहू नौका, युद्धनौका व पाणबुड्या यांना जे स्थान लाभले, ते वाहतूक करणाऱ्या नौकांच्या वाट्याला क्वचितच आले. वास्तविक, शत्रूच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याचा टिकाव रणगाडे, वाहने व दारूगोळा यांच्या अखंड पुरवठ्यावरच अवलंबून होता. या दृष्टीने अमेरिकन नौदलाच्या एल.एस.टी.-३२५ या नौकेचा सेवाकाळ अभ्यसनीय ठरतो.

रचना
१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला आपली अवजड सामग्री फ्रान्समध्येच सोडावी लागली. त्यातून बंदराशिवाय रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणाऱ्या नौकेची गरज पुढे आली. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन नीडरमायर यांनी तिचा प्राथमिक आराखडा तयार केला. महासागर ओलांडण्यासाठी नौका पाण्यात खोल बसणे आवश्यक होते, तर किनाऱ्याला लागण्यासाठी ती उथळ तरंगणे आवश्यक होते. टाक्यांत समुद्राचे पाणी भरून व उपसून हा पेच सोडविण्यात आला. ३२८ फूट लांबीच्या या नौकेच्या नाळेला दरवाजे व उतरती फळी होती. अमेरिकेत अशा एक हजाराहून अधिक नौका बांधल्या गेल्या.

युद्धकालीन सेवा
फिलाडेल्फिया येथे बांधलेली एल.एस.टी.-३२५ ही नौका १ फेब्रुवारी १९४३ रोजी सेवेत दाखल झाली. त्याच वर्षी सिसिलीतील जेला व इटलीतील सालेर्नो येथील मोहिमांत तिने भाग घेतला. ७ जून १९४४ रोजी ती नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यापाशी पोहोचली. त्यानंतर तिने इंग्लंड व फ्रान्स यांच्या दरम्यान चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. २८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैन्यवाहू जहाज इंग्लिश खाडीत बुडाले. त्यावरील शेकडो सैनिकांचे प्राण वाचविण्यात या नौकेचा वाटा होता.

युद्धोत्तर काळ
१९४६ मध्ये नौका सेवामुक्त झाली. पुढे १९५० च्या दशकात आर्क्टिक प्रदेशातील रडार केंद्रांच्या उभारणीसाठी ती पुन्हा वापरात आली. १९६४ मध्ये ती ग्रीसला देण्यात आली व ‘सिरोस’ या नावाने १९९९ पर्यंत ग्रीक नौदलात राहिली. १४ नोव्हेंबर २००० रोजी बहुतांशी सत्तरीच्या आसपासच्या माजी नौसैनिकांनी ती क्रीट बेटावरून हाकारली आणि सुमारे ६,५०० मैलांचा प्रवास करून १० जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतील मोबील बंदरात आणली. २००५ पासून ती इव्हान्सव्हिल येथे संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली आहे.

निष्कर्ष
या नौकेची युद्धकालीन सेवा जेमतेम अडीच वर्षांची, तर ग्रीक सेवा पस्तीस वर्षांची होती. तथापि तिच्या चरित्रात ग्रीक कालखंडाचा उल्लेख बहुधा पुरवणीसारखा येतो. प्रत्यक्षात याच कालखंडामुळे ती भंगारात जाण्यापासून वाचली. तिचे जतन प्रथम उपयुक्ततेने केले. स्मृतीने ते काम नंतर हाती घेतले. युद्धस्मारकांच्या अभ्यासात हा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे.