अनास्यप्रवेशी क्रीडनक : बालसंरक्षणाच्या एका नियमाचा इतिहास

लहान मुलाच्या घशात घास अथवा खेळण्याचा तुकडा अडकून श्वास कोंडणे हा अपघात जितका जुना, तितकाच त्याविषयीचा विचारही जुना आहे. या विचाराच्या इतिहासात दोन धारा दिसतात : अडकलेली वस्तू काढण्याची विद्या, आणि ती वस्तू मुलाच्या मुखात जाऊच न देण्याचा नियम. पहिलीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. दुसऱ्याला ती लाभण्यास फार काळ जावा लागला.

दोहोंची बीजे प्राचीन संहितांत आढळतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शल्य काढण्याचे उपाय दिले आहेत. घास घशात अडकल्यास रोग्याच्या खांद्यावर त्याच्या नकळत मुठीने आघात करावा, किंवा स्नेह, मद्य अथवा पाणी पाजावे, असे तेथे सांगितले आहे. आघाताचा उपाय पाठीवर थापा मारण्याच्या आजच्या प्रथमोपचाराशी जुळतो. श्वासमार्ग बंद झाला असता काही पाजणे मात्र घातक होय. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायाचा रोख निराळा आहे. बालकाची खेळणी चित्रविचित्र, नाद करणारी, हलकी, बोथट टोकांची आणि मुखात न शिरणारी असावीत, असा दंडक तेथे आहे. या अखेरच्या गुणास ‘अनास्यप्रवेशी’ असा शब्द योजिला आहे. येथे औषधाचा विचार नसून वस्तूच्या आकाराचा आहे. मात्र हा दंडक ज्या कुमारागाराच्या वर्णनात येतो, ते संपन्न घरातील होते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

आधुनिक काळात या दोन धारांचा विचार करताना १८८६ हे वर्ष लक्ष वेधून घेते. कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंनी त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. आनंदीबाई अवघ्या चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन दगावले होते. ते श्वास कोंडून नव्हे, परंतु वैद्यकाकडे वळण्यामागे हे दुःख होते. त्याच वर्षी, त्याच नगरात, १८६५ मध्येच जन्मलेले शेव्हालिए जॅक्सन जेफर्सन वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाले. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्टाव्ह किलियन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हाडाचा तुकडा काढला; ही विद्या जॅक्सन यांनी पुढे परिपूर्ण केली. घशातून, अन्ननलिकेतून व फुप्फुसांतून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियात जतन केलेला आहे. १९३५ मध्ये ते आनंदीबाईंच्याच महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. आनंदीबाईंना मात्र कार्यास अवधी मिळाला नाही; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

काढण्याची विद्या इतकी पुढे गेली, तरी प्रतिबंधाच्या नियमास कायद्याचे बळ मिळण्यास विलंब लागला. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सुटे लहान भाग नसावेत, हा नियम अमेरिकेत १९८० पासून लागू झाला. त्यासाठी मुलाच्या घशाच्या अंदाजाने एक नळकांडे ठरविण्यात आले. त्यात जी वस्तू पूर्ण मावेल ती निषिद्ध. चरकाच्या शब्दाला मिळालेले हे मापच होय. भारतात खेळण्यांची गुणवत्ता १ जानेवारी २०२१ पासून अनिवार्य झाली.

परंतु कायद्याची सत्ता स्वयंपाकघरात चालत नाही. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी यांना प्रमाणपत्र लागत नाही, आणि दाढा न आलेले मूल ते चावू शकत नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अनेक घरांत आईवडील लोकलने मुंबईस जातात व मूल आजीकडे अथवा पाळणाघरात राहते. तेथे मुलाजवळ जो असेल त्यास हा नियम ठाऊक असणे, हेच खरे संरक्षण. एक वर्षाखालील मुलाचा श्वास अडकल्यास त्यास पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा व नंतर उताणे करून छातीवर पाच दाब द्यावेत, न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नये, आणि रुग्णालयाची मदत तत्काळ मागवावी, हे ज्ञानही तितकेच आवश्यक आहे. ग्रंथातील ज्ञान घरातल्या माणसापर्यंत न पोचल्यास त्याची किंमत मूल देते. हा नियम संहितेपासून कायद्यापर्यंत आला आहे. उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम अद्याप उरले आहे.