डेंटचं स्टेशन कसं वाचलं

आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. इंग्लंडच्या उत्तरेला डेंट नावाचं खेडं आहे. डोंगर, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं लोकरीच्या विणकामासाठी नावाजलेली. कमरेच्या पट्ट्यात लाकडी दांडी खोचायची, तिच्यात एक सुई अडकवायची आणि रस्त्यानं चालता चालताही मोजे विणायचे!

या गावाचं स्टेशन मात्र गावात नाही. ते साडेसहा किलोमीटरवर, गावाहून साधारण 600 फूट उंच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर 1,150 फूट. इंग्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं हे सगळ्यात उंच स्टेशन, सेटल ते कार्लाइल या मार्गावरचं. 1877 साली सुरू झालं. वाऱ्यानं बर्फ रुळांवर येऊ नये म्हणून वरच्या अंगाला जुन्या लाकडी स्लीपरांचं कुंपण उभं केलेलं आहे.

1970 साली स्टेशन बंद झालं. पाच वर्षांनी डोंगर फिरायला येणाऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी काही गाड्या थांबू लागल्या. पण पुढे रेल्वेनं अख्खा मार्गच बंद करायचं ठरवलं. रिबलहेडचा 24 कमानींचा पूल खिळखिळा झालाय, दुरुस्ती परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि गाड्या किती ठेवल्या होत्या? दिवसाला दोन जायच्या, दोन यायच्या. आता गाडीच नसेल तर माणूस बसणार कशात?

कायद्यानं मात्र मार्ग बंद करण्याआधी प्रवाशांच्या हरकती ऐकून घ्याव्या लागत. गाडी गेली तर आपली काय अडचण होईल, हे ज्यानं त्यानं लिहून द्यायचं. लोकांनी दिलं. 22 हजारांवर हरकती जमल्या! त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. त्याचंही तिकीट काढलं जायचं, म्हणून तो प्रवासीच, असं सांगतात. अंगठ्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे, पण पंजाची म्हणजे कमालच.

नुसतं लिहून लोक थांबले नाहीत, गाडीनं जाऊ लागले. 1983 साली वर्षाला 93 हजार प्रवास झाले होते, 1989 पर्यंत ते साडेचार लाखांवर गेले. मला विचाराल तर अर्जाइतकंच या तिकिटांनी काम केलं. 1986 साली डेंटसारखी लहान स्टेशनं रोजच्या गाड्यांसाठी उघडली. एप्रिल 1989 मध्ये मंत्र्यांनी मार्ग बंद करायला नकार दिला, आणि मग पुलाची दुरुस्तीही झाली.

डेंटला आजही गाडी थांबते. गावातून चालत यायचं तर चढ चांगलाच दमवतो.