चाव्या खाली ठेवल्या तो डिसेंबर

लॅम्डामूमध्ये पहिल्यांदा शिरणारा माणूस थेट दिवाणखान्यात येत नसे. तो यायचा कोट टांगायच्या कपाटात. अंधार, अंगाला लागणारे कोट आणि बूट, बहुधा झोपलेली काही माणसं, चाचपडताना हाताला लागलेली दाराची मूठ, एवढं सगळं नुसत्या अक्षरांत पडद्यावर उमटायचं. चित्र नाही, आवाज नाही. ‘आउट’ टाइप केलं की तुम्ही दिवाणखान्यात. जाताजाता यंत्रच तुम्हाला सांगायचं की आतल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तुम्ही दार मागे ओढून घेतलंत. दार ओढायचं तुमच्या मनातही आलेलं नसायचं. जागेने ते परस्पर तुमच्याकडून करवून घेतलेलं असायचं. कपाटात झोपलेली माणसं म्हणजे त्या वेळी जोडलेले नसलेले इतर सदस्य, हे नंतर कळायचं.

पॅव्हेल कर्टिस नावाच्या संशोधकाने ऑक्टोबर 1990च्या शेवटी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर हे घर उघडलं. मूळ प्रणाली स्टीफन व्हाइटची, तिच्यावर पुढचं काम कर्टिसचं. घराचा नकाशा त्याने आपल्या कॅलिफोर्नियातल्या खऱ्या घरावरून घेतला. दिवाणखान्यात एक काकाकुवा होता, तो लोकांची कानावर पडलेली वाक्यं मध्येच म्हणून दाखवायचा. आज पोरं ज्याला ऑनलाइन गेमिंग म्हणतात त्याच्या मानाने हे काहीच नव्हतं. पण सदस्य वाढले की जागेचं काय होतं आणि ती कोणी सांभाळायची, यावरची भांडणं इथे जितकी मन लावून भांडली गेली तितकी फार थोड्या ठिकाणी गेली असतील. शिवाय ही सगळी भांडणं टाइप केलेली, त्यामुळे बरीचशी जपूनही राहिली.

मी तिथे गेले ते 1996 साली. मुंबईतल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रात्रपाळी असायची. काम म्हणजे बॅकअपच्या टेप बदलणं आणि काही अडकलं तर साहेबांना फोन न करता निस्तरणं. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले की कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. टेलनेटवर अक्षरं उमटायची ती हप्त्याहप्त्याने, अर्धं वाक्य आधी, उरलेलं दम खाऊन. स्वतःचं पात्र हवं तर ई-मेल देऊन नाव नोंदवायचं आणि रांगेत थांबायचं. तोवर पाहुणे म्हणून फिरायचं. पाहुण्यांची नावं रंगांवरून, त्यामुळे माझे पहिले काही आठवडे ग्रीन गेस्ट नाहीतर तसल्याच कुठल्यातरी रंगाचा गेस्ट होण्यात गेले. मी ज्या महिन्यांत पोचले त्याच महिन्यांत तिथे मोठा राडा चालू होता, आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो कळायला थोडं मागे जावं लागतं.

अशा अक्षरांतल्या जगांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातला ‘मड’. रॉय ट्रबशॉने 1978 साली लिहायला घेतलेला आणि 1980च्या सुमारास रिचर्ड बार्टलच्या हाती आलेला. तिथे गुण मिळवत पायऱ्या चढायच्या, प्रत्येक पायरीला आधीच्या दुप्पट गुण, आणि 1,02,400 गुण झाले की माणूस विझर्ड. विझर्ड म्हणजे ज्याच्या हातात जग चालवायच्या चाव्या. तो अदृश्य फिरू शकतो, कोणालाही उचलून दुसरीकडे टाकू शकतो, वाटलं तर एका बोटाने पात्र कायमचं पुसून टाकू शकतो. बाहेरच्या लोकांना विद्यापीठाचं यंत्र रात्रीच मिळायचं. लढाईत मेलात तर पात्र गेलं, पुन्हा शून्यापासून. त्यामुळे विझर्ड व्हायला महिनोन् महिने जात, आणि एवढ्या काळात त्या माणसाला सगळे ओळखत, त्यालाही सगळे ठाऊक होत. चाव्या अनोळखी हातात जातच नसत. विझर्ड साधुसंत होते असं नाही, छळवादीही बरेच होते. पण छळणारा कोण ते माहीत असायचं. हा फरक मला मोठा वाटतो.

पुढे नोव्हेंबर 1989 ते मे 1990 या काळात बार्टलच्या विझर्डांमध्ये एक लांबलचक वाद झाला, की लोक इथे येतात तरी कशासाठी? त्यातून बार्टलने 1996 साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. कोणी गुण मिळवायला येतं, कोणी कानाकोपरे धुंडाळायला, कोणी गप्पा मारायला, कोणी दुसऱ्याला त्रास द्यायला. हे चार प्रकार आता गेम बनवणाऱ्यांच्या तोंडी इतके बसलेत की कोणी मूळ निबंध वाचत नाही. त्यातला खरा माल पुढे आहे. हे चार गट एकमेकांवर कसे परिणाम करतात ते तो मांडतो. त्रास देणारे वाढले की गप्पा मारणारे निघून जातात, आणि ते गेले की जागा झपाट्याने ओस पडते. एकूण आकडा फुगलेला दिसत असताना आतलं प्रमाण बिघडत असतं.

त्याआधी, 1980च्या दशकात, अमेरिकेत लुकासफिल्मच्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी कमोडोर 64 वर ‘हॅबिटॅट’ चालवून पाहिलं. त्यांची हकिकत मजेशीर आहे. एका यंत्रातून स्वस्तात बाहुल्या घेऊन दुसऱ्या यंत्राला महाग विकता येतात हे काही जणांनी हेरलं आणि रातोरात जगातला पैसा पाचपट झाला. पण मला त्यातला चर्च जास्त आवडतो. तिथे शस्त्रं होती, लोक एकमेकांना लुटायचे, गोळ्या घालायचे. खून हा गुन्हा मानायचा की खेळाचा भाग, यावर लोकांमध्ये सरळ दोन तट पडले. तेव्हा एका खेळाडूने ‘पवित्र अक्रोडाचा पंथ’ स्थापन केला. हा खेळाडू प्रत्यक्षातही ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री. त्याच्या शिष्यांना शस्त्र बाळगायला, चोरी करायला, हाणामारी करायला मनाई. पुढे लोकांनी एक शेरीफही निवडला, मात्र त्याने नेमकं करायचं काय यावर पुन्हा मतभेद.

आता लॅम्डामू. कर्टिसने 1992च्या निबंधात लिहिलंय की तोवर डझनावर देशांतून साडेतीन हजारांहून जास्त लोक तिथे येऊन गेले होते. सुरुवातीला मूठभर मित्र, सगळे प्रोग्रामिंगवाले. नंतर कोणीही. ज्याला त्याला खोल्या बांधायची मुभा, त्यामुळे डेटाबेस फुगला, यंत्र धापा टाकू लागलं. बांधकामाला कोटा आला. कोट्यापेक्षा जास्त हवं असेल त्याच्या अर्जांचा निवाडा करायला मंडळ आलं. सभ्यपणाचे नियमही लिहिले गेले: न विचारता कोणाच्या खोलीत टपकू नका, दुसऱ्याच्या नावाने बोलू नका, पडदाभर कचरा ओतू नका. आणि रोजच्या तक्रारी विझर्डांकडे. अमक्याने मला शिवी दिली, तमक्याने माझ्या खोलीत भुताचं यंत्र सोडलं. पाच-सात माणसांनी फावल्या वेळात हजारोंची भांडणं सोडवायची.

9 डिसेंबर 1992 रोजी कर्टिसने सगळ्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं. लॅम्डामू नवी दिशा घेत आहे, असा मथळा. सार असं, की तुम्ही मोठी माणसं आहात, आम्ही तुमची आई व्हायचं आता सोडतोय. विझर्ड यापुढे फक्त यंत्र सांभाळतील, सामाजिक निर्णय घेणार नाहीत. मी हे पत्र नंतर पुष्कळदा वाचलं. थकवा त्यात ओळीओळीतून दिसतो, आणि भाबडेपणाही. चाव्या खाली ठेवल्या, पण उचलायच्या कोणी ते सांगितलंच नाही.

तीन-साडेतीन महिन्यांत, मार्च 1993 मध्ये, एका रात्री मिस्टर बंगल नावाचं पात्र दिवाणखान्यात आलं. त्याच्याकडे एक बाहुली होती. बाहुली म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, ज्यामुळे दुसऱ्याचं पात्र त्याच्या मनाविरुद्ध काहीतरी करतंय असं सगळ्यांच्या पडद्यावर उमटत असे. ती वापरून त्याने भरल्या दिवाणखान्यात काही जणांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. ज्यांच्यावर लादली त्या पडद्यापलीकडच्या खऱ्या बायका होत्या. त्यांपैकी लेग्बा नावाने वावरणारीने काही दिवसांनी जाहीर मागणी केली, की याला ‘टोड’ करा. टोड करणं म्हणजे खातं कायमचं बाद करणं. तेवढं विझर्डच करू शकत होते, आणि विझर्ड तर हात झटकून बसलेले.

मग सभा भरली. तीसेक जण जमले, तासन् तास बोलले. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला ती सभा वेगळी सांगायला नको. एकाला कायद्याची प्रक्रिया हवी, एकाला सरळ हकालपट्टी, एक म्हणतो ही नुसती अक्षरं आहेत, एक जण भलताच मुद्दा काढतो. मध्येच खुद्द बंगल येऊन थंडपणे दोन वाक्यं बोलून गेला. ठराव काही झाला नाही. सभा पांगल्यावर तिथे हजर असलेल्या जोफीडबॅक नावाच्या विझर्डने कोणाला न विचारता एकट्यानेच बंगलचं खातं उडवलं. ज्युलियन डिबेलने त्या वर्षी डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हे सगळं लिहिलं आणि लॅम्डामू जगभर गाजलं. थोड्या काळाने बंगल दुसऱ्या नावाने परत आला, तेही डिबेलनेच नोंदवलंय.

त्या आठवड्यात बाहेरगावी असलेला कर्टिस परतला आणि त्याने मतदानाची यंत्रणा बसवली. कोणीही अर्ज मांडावा, पुरेशा सह्या मिळाल्या की विझर्ड तो तपासतील, मग मतदान, दोनास एक या प्रमाणात कौल पडला की विझर्ड तो अमलात आणतील. वाचायला छान. पुढची तीन वर्षं लोक अर्जांवर अर्ज आणि लवादावर लवाद करत राहिले. जे रोज तासन् तास तिथे असत त्यांचं लोकशाहीत चांगलं चाले, बाकीचे बिचारे पानं न वाचताच मत टाकत. तक्रार करणारा आणि लवाद एकमेकांचे जुने वैरी निघत. दोनास एक हे प्रमाण गाठणं अवघड, म्हणून बहुतेक सुधारणा पडायच्या. मी ग्रीन गेस्ट होऊन फिरत होते ते नेमके या थकव्याच्या शेवटी. दिवाणखान्यात कोणीतरी मला ‘कुठून?’ विचारायचं, मी मुंबई म्हटलं की तो आनंदायचा, आणि लगेच पलीकडचे दोघे कुठल्याशा ठरावावरून हमरीतुमरीवर यायचे. मला खरं शिकवलं ते एका बाईने. नाव सांगत नाही, तिचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. नकाशा कसा बघायचा, कोणाला कसं गप्प करायचं, कोणाच्या दारावर टकटक कशी करायची, हे ती प्रत्येक पाहुण्याला न कंटाळता दाखवायची. तिने कधी अर्ज मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

16 मे 1996ला विझर्डांनी दुसरं पत्र लिहिलं. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आजवर आम्ही तसा देखावा करत होतो, यापुढे गरज पडेल तिथे आम्ही निर्णय घेऊ. किती आरडाओरड झाली! हुकूमशाही, विश्वासघात, काय काय. माझ्या मते मात्र त्या दिवशी लॅम्डामूमध्ये पहिल्यांदा कोणी खरं बोललं. कोटा किती द्यायचा, रांग किती लांब ठेवायची, बाहुली बनवू द्यायची की नाही, हे सगळं ‘तांत्रिक’. आणि जागा कशी होणार ते यावरच ठरतं. चाव्या विझर्डांच्या खिशातून कधी गेल्याच नव्हत्या. 1992 ते 1996 त्या आपल्याकडे नाहीत असं ते म्हणत राहिले, एवढंच.

आमच्या ठाण्याच्या कॉम्प्लेक्समधल्या पोरांचा माइनक्राफ्टचा सर्व्हर सध्या मी बघते. आधी बिल्डिंगमधली पोरं होती, मग शाळेतली, मग त्यांच्या मामेभावांची, आता तीनशेच्या वर नावं आहेत आणि निम्म्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका ग्रीफरने, म्हणजे मुद्दाम दुसऱ्यांचं मोडणाऱ्या पोराने, लहान मुलांनी महिनाभर बांधलेला किल्ला लाव्हा ओतून जाळला. पोरांनी लगेच ग्रुपवर पोल टाकला: बॅन करायचं की नाही. ‘काकू, व्होटिंग करूया ना, फेअर होईल.’ मी पोल काढून टाकला. त्याला पंधरा दिवसांसाठी बॅन केलं, का केलं ते माझ्या नावाने सगळ्यांना लिहिलं, आणि नवीन येणाऱ्याला आठवडाभर लाव्हाची बादली मिळणार नाही अशी सेटिंग केली. मोठ्या मुलांपैकी चौघांना सांगितलं की व्हाइटलिस्टमध्ये नवं नाव घातलं की त्याच्याबरोबर तासभर फिरायचं. चौघांपैकी दोघे फिरतात. ग्रीफरच्या आईचा फोन आला होता, तिला वाटत होतं मी तिच्या मुलाला शाळेतून काढलंय. तिला सगळं समजावायला अर्धा तास गेला. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि त्याने किल्ल्याची एक भिंत बांधून दिली, तीही जरा वाकडीच.