दरीचं माप

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचेची एक पट्टी. तिच्यावर निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमच्या वाफेतून बसवलेली एक अरुंद रेघ. ही रेघ थोडा वेळ हवेत राहिली की तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा. मग तिला आडवी छेदणारी शिशाची दुसरी रेघ. टोकांना तारा, एक व्होल्टमीटर, एक ॲमीटर आणि सगळं थंड करायला द्रवरूप हेलियम. १९६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत इवार येवर या नॉर्वेजियन माणसाने एवढ्या सामग्रीवर एक मोजमाप केलं. अतिसंवाहकांवर आज जगभरात जी मोजमापं चालतात, त्यांतल्या एका मोठ्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे ही काचपट्टी.

येवरने पाहिलं ते असं. शिसं साधं असताना व्होल्टेज वाढवावं तसा प्रवाह सरळ रेषेत वाढतो. शिसं ७.२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक झालं की शून्याच्या आसपास प्रवाह जवळजवळ थांबतो. सुमारे १.३ ते १.४ मिलीव्होल्टपर्यंत तो अडल्यासारखा राहतो, मग एकदम उसळतो आणि पुन्हा जुन्या रेषेला जाऊन मिळतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दीड व्होल्ट घ्या आणि त्याचे हजार भाग करा. त्यातल्या जेमतेम एका भागाचा हा मामला.

प्रवाह अडतो कशामुळे? अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. जोडी फोडायला ठरावीक ऊर्जा मोजावी लागते, त्याहून कमी चालत नाही. म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनला उतरायला ज्या ऊर्जेच्या जागा एरवी मोकळ्या असतात, त्यांतल्या मधल्या जागा नाहीशा होतात. त्या नष्ट होत नाहीत, दोन्ही बाजूंना सरकून काठावर दाटी करतात. आलेख काढला तर मधे खोल दरी आणि दोन काठांवर दोन उंच सुळके. प्रयोगशाळेत मराठी मुलंही याला ‘गॅप’च म्हणतात. मी ‘दरी’ म्हणतो, कारण आलेखावर ती तशीच दिसते, आणि पुढे या कथेत दरीच्या तळाचा आकार फार महत्त्वाचा ठरणार आहे. मधल्या बिंदूपासून एका काठापर्यंतचं अंतर म्हणजे दरीचं माप, असं या लेखापुरतं धरू.

दरी आहे असा संशय येवरच्या आधीचा. कामरलिंग ओनेसने १९११ साली लायडनमध्ये पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनच्या आसपास नाहीसा झालेला पाहिला, तरी त्यानंतर चार दशकं कारण सापडत नव्हतं. १९५४ मध्ये व्हॅनेडियमची विशिष्ट उष्णता मोजताना दिसलं की तापमान उतरवलं की ती घातांकी वेगाने घसरते. मधे ऊर्जेचा अडथळा असला की असंच होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बर्कलीला ग्लोव्हर आणि टिंकहॅम यांनी शिसं आणि कथिल यांच्या पातळ थरांतून दूर-अवरक्त किरण पाठवून तोच अडथळा प्रकाशाच्या वाटेने गाठला. १९५७ साली इलिनॉयमध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सिद्धांत मांडला. त्यात दरीच्या दोन काठांमधलं अंतर आणि अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान यांचं नातं एका आकड्यात बांधलं होतं: ३.५३. धातू कुठलाही असो, गुणोत्तर हेच.

येवर शिक्षणाने यंत्र-अभियंता. नोकरी करता करता जवळच्या ट्रॉय गावच्या रेन्सेलियर संस्थेत तो भौतिकी शिकायला जात होता. ऑक्साइडच्या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन आरपार जातात का, याचे प्रयोग त्याच्याकडे आधीपासून चालू होते. इलेक्ट्रॉन भिंत ओलांडत नाही, तिच्यातून पलीकडे उमटतो, म्हणून याला टनेलिंग म्हणतात. वर्गात अतिसंवाहकातल्या दरीचा विषय निघाला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्या पट्टीवरचा एक धातू अतिसंवाहक केला तर दरी थेट व्होल्टमीटरवर वाचता येईल. मला या कथेतला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगाचं सामान हाताशी होतं आणि प्रश्न शेजारच्या गावातल्या वर्गात होता. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात आले. १९७३ च्या नोबेल पारितोषिकात एसाकी आणि जोसेफसन यांच्याबरोबर येवरचा वाटा होता.

शिशाचं माप बारकाईने घेतलं तेव्हा गुणोत्तर ३.५३ न भरता ४.३ च्या आसपास भरलं. काठापलीकडे आलेखावर बारीक लाटाही दिसल्या. १९६५ मध्ये बेल लॅबमध्ये मॅकमिलन आणि रोवेल यांनी त्या लाटांवरून उलट गणित मांडून शिशाच्या अणुजालाची कंपनं काढून दाखवली. इलेक्ट्रॉनांची जोडी बांधणारा मध्यस्थ ही कंपनंच, याचा तो पुरावा. पोत पाहून विणकर ओळखावा तसा हा प्रकार. त्यानंतर टनेलिंगचा शब्द अतिसंवाहकांच्या जगात शेवटचा मानला जाऊ लागला.

पुढचं पान स्वित्झर्लंडचं, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. झुरिकजवळ रुश्लिकोनला आयबीएमची संशोधनशाळा आहे. १९८० साली तिथून एक शोधनिबंध आला: नायोबियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये टनेलिंगने दोन वेगवेगळ्या दऱ्या दिसतात, असा. लेखकांत गेर्ड बिनिग होता, आणि स्फटिक वाढवणारा तरुण योहानेस बेडनॉर्ट्झही होता. ऑक्साइडसारख्या कोरड्या, खडूसारख्या पदार्थात अतिसंवाहकता असते, ही गोष्ट बेडनॉर्ट्झच्या हाताला तिथे लागली. बिनिगचं मन मात्र तोवर वेगळ्याच यंत्रात गुंतलं होतं. ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकावा, तिथे नुसती पोकळी ठेवावी आणि एक अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून कमी अंतरावर धरावी. अंतर एक अँगस्ट्रॉमने वाढलं तर प्रवाह दहापट उतरतो, इतकी ही सुई संवेदनशील. १९८१ मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी हे साधलं आणि स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप जन्माला आला. १९८६ मध्ये त्याच इमारतीतून बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी लँथेनम-बेरियम-तांबे-ऑक्साइडमध्ये तीस केल्विनच्या वर अतिसंवाहकता जाहीर केली. सुईला १९८६ चं नोबेल, ऑक्साइडला १९८७ चं. एका निबंधातून फुटलेल्या या दोन शाखा, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या पुन्हा एकमेकींना भेटल्या.

भेट लगेच होऊ शकली नाही. १९८७ च्या सुरुवातीला यिट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइड ९३ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर, अतिसंवाहक झालं आणि जो तो दरी मोजायला धावला. जुन्या गुणोत्तराने ती १४ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास यायला हवी होती. प्रत्यक्षात आकडे गावोगाव वेगळे. कुणाचं गुणोत्तर तीन-चार, कुणाचं दहाच्या घरात. मोजणारे कच्चे नव्हते. अडचण पदार्थात होती. शिशात जोडीचा विस्तार काही दहा नॅनोमीटर असतो, म्हणून पृष्ठभागावरचा थोडा मळ खपतो. या काळ्या सिरॅमिकमध्ये तो विस्तार तांबे-ऑक्सिजनच्या पदरात एक-दोन नॅनोमीटर, आणि पदरांना आडव्या दिशेने त्याहूनही कमी. वरचा अणूंचा एखादा थर ऑक्सिजन गमावून बसला किंवा दमट हवेने बिघडला की सुई मोजते तो बिघाड. येवरच्या ॲल्युमिनियमवर पापुद्रा आपोआप आणि नेटका धरला होता. इथे पृष्ठभागच भरवशाचा नव्हता.

वाट काढली ती १९८८ च्या आरंभी जपानमधल्या त्सुकुबा इथे माएदा यांच्या गटाने शोधलेल्या पदार्थाने: बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबे आणि ऑक्सिजन. त्याच्या एका जातीत बिस्मथ-ऑक्सिजनचे दोन शेजारी पदर एकमेकांना इतके सैल धरलेले असतात की स्फटिक अभ्रकासारखा सुटतो. निर्वात कक्षात, थंड असतानाच, वर चिकटवलेली छोटी काडी ठोकून पाडली की ताजा, सपाट, हवेने न विटाळलेला पृष्ठभाग समोर येतो. या पदार्थाची अतिसंवाहकता सर्वांत उपयोगी म्हणून तो प्रयोगशाळांत रुळला असं नाही. तो स्वच्छ सोलता येतो, म्हणून रुळला. एखाद्या शास्त्राचं भवितव्य अशा सोलण्यावर ठरावं, हे मला फार शिकवून जातं.

ताज्या पृष्ठभागावर सुई नेली आणि दरी नीट दिसली. माप ३० ते ४० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, जुन्या हिशेबाच्या दोन-तीन पट. त्याहून मोठी गोष्ट तळाची. शिशाची दरी सह्याद्रीच्या कड्यासारखी: भिंती उभ्या, तळ सपाट आणि रिकामा. ही दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, काठापासून तळाच्या एका बिंदूपर्यंत उतरत गेलेली. म्हणजे कुठल्या ना कुठल्या दिशेने जोडी फोडायला जवळपास काहीच ऊर्जा लागत नाही.

कुठली दिशा, हे सुईला सरळ सांगता येत नव्हतं. ते सांगितलं प्रकाशाने. स्फटिकावर अतिनील किरण सोडायचे, बाहेर फेकले जाणारे इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात आणि किती ऊर्जा घेऊन निघतात ते मोजायचं. १९९३ मध्ये स्टॅनफर्डला शेन यांच्या गटाने याच बिस्मथच्या स्फटिकावर दाखवलं की तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेला दरी सर्वांत रुंद आणि कर्णाच्या दिशेला ती जवळजवळ मिटते. चार पाकळ्यांचं फूल म्हणा. पाकळ्यांची चिन्हं आलटून पालटून उलटी असतात, हे इलिनॉयमध्ये व्हॅन हार्लिंगेन यांच्या गटाने आणि १९९४ मध्ये आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स शाळेत त्सुएइ आणि कर्टली यांनी सिद्ध केलं. तीन स्फटिकांच्या सांध्यावर बसवलेल्या कड्यात चुंबकीय प्रवाहाचा नेमका अर्धा पुंज अडकलेला सापडला. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत देखणा प्रयोग.

मग १९९८ साली जिनिव्हाहून रेनर, फिशर आणि सहकाऱ्यांनी घोर लावणारी बातमी दिली. तापमान वाढवत नेलं, अतिसंवाहकता संपली, रोध परत आला, तरी सुईखाली दरी होतीच. फक्त काठावरचे सुळके खचले होते. किरणांनी मोजणाऱ्यांना हेच १९९६ मध्ये दिसलं होतं. पदार्थात ऑक्सिजन कमी ठेवला तर अतिसंवाहकतेचं तापमान उतरतं आणि दरी उलट रुंदावते. ३.५३ हा आकडा ज्या नात्यावर उभा होता, ते नातंच इथे तुटलं. या उरलेल्या दरीला स्यूडोगॅप म्हणतात. आभासी दरी म्हणू. ती जोड्या आधीच जुळल्याची खूण, की जोड्यांशी स्पर्धा करणारी वेगळीच व्यवस्था, यावर भौतिकीत दोन तट पडले.

त्यात तेल अवीवच्या गी डॉइचर यांनी १९९९ मध्ये एक नेमका प्रश्न घातला. सुई एकटा इलेक्ट्रॉन आत ढकलते. धातूचं टोक थेट टेकवून मोजण्याची दुसरी रीत आहे, तीत आत जोडी जाते आणि एक धन छिद्र परत फिरतं. शिशात दोन्ही रीतींनी एकच आकडा येतो. या ऑक्साइडमध्ये, ऑक्सिजन कमी असताना, दोन वेगळे येतात. जोडी फोडायची ऊर्जा एक आणि सगळ्या जोड्यांना एका तालात ठेवणारी ऊर्जा दुसरी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, निदान प्रश्न योग्य जागी घातलेला वाटतो.

या वादाला आपल्या कुलाब्याचाही धागा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडचे पातळ थर मुद्दाम अव्यवस्थित बनवले. हा साधा, जुन्या सिद्धांताच्या घराण्यातला अतिसंवाहक. त्यात पाकळ्या नाहीत, तांबं नाही. तरी अव्यवस्था पुरेशी वाढवली की इथेही अतिसंवाहकता गेल्यावर दरी उरते, असं त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. जोड्या शिल्लक, ताल गेलेला. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये हेच घडतं असं यावरून ठरत नाही, पण असं घडू शकतं हे मुंबईत मोजलं गेलं.

रुश्लिकोनच्या दोन शाखांची खरी भेट झाली ती बर्कलीला, शेमस डेव्हिस यांच्या यंत्रावर. सुई एका बिंदूवर थांबवायची, दरी मोजायची, अणूच्या अंतराने पुढे सरकायचं, पुन्हा मोजायचं. असं हजारो वेळा, आणि यंत्राला दिवसच्या दिवस धक्का लागता कामा नये. २००१ आणि २००२ मध्ये हे नकाशे छापून आले. एकसंध समजल्या जाणाऱ्या स्फटिकात दर दोन-तीन नॅनोमीटरवर दरी बदलत होती: एका ठिगळात ३० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, शेजारच्यात पन्नाशीच्या पुढे. १९८७ चे गावोगाव वेगळे आकडे आठवा. त्यांतले पुष्कळ खराब पृष्ठभागाचे होते, पण स्फटिक स्वतःही एका आकड्यात मावणारा नव्हता.

१९६० मध्ये दरीचं माप छापताना धातूचं नाव आणि तापमान लिहिलं की पुरत असे. आज बिस्मथच्या या स्फटिकाचं माप छापताना तापमानाबरोबर ऑक्सिजनचं प्रमाण, स्फटिकातली दिशा, पृष्ठभागावरची जागा आणि मोजण्याची रीत हे सगळं लिहावं लागतं, आणि एवढं लिहूनही ती दरी जोडीची की आणखी कशाची, यावर एकमत झालेलं नाही.