उडी आणि घडी

परवा रविवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाली, "तुझी लाडकी भाची विमानातून उडी मारायची म्हणतेय. एकदा नाही, पंचवीस वेळा! तू सांग तिला. तुझं ऐकते ती."

भाची अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे तिने स्कायडायव्हिंगच्या कोर्सला नाव घातलंय. शिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन मारायची हौशी उडी तिची मागच्या वर्षीच झाली होती, आणि ते ताईला आत्ता कळलं. आता तिला स्वतःच्या पाठीवर पॅराशूट बांधून उडी मारायला शिकायचंय. तिथला पहिला परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात, म्हणून ते पंचवीस.

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. पण सांगणार काय? मी स्वतः गच्चीच्या कठड्यावरून खाली डोकावत नाही. स्कायडायव्हिंगबद्दल मला जे माहीत आहे, ते सिनेमातून. ताईलाही तसंच. फरक इतकाच की माझ्या लक्षात 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' राहिलाय आणि तिच्या लक्षात ती सगळी दृश्यं, ज्यात दोरी ओढली तरी छत्री उघडत नाही.

तर मंडळी, गेला आठवडा मी हाच अभ्यास केला. आणि तो करताना आठवले आमचे काका.

काका म्हणजे मावशीचे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन सोलापुरात आले आणि नव्या पेठेत चादरींच्या दुकानात कामाला लागले. फौजेत ते २ पॅरा मध्ये होते. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आपल्याकडचे अनेक जण हे विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. ११ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ याच पलटणीचे सातशेच्या आसपास जवान विमानांतून उतरले. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू. पुंगली पुलाचा ताबा घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या फौजेची वाट अडवायची, हे काम. १६ तारखेला ढाक्यात सर्वात आधी शिरलेल्या तुकड्यांत ही पलटण होती.

आम्ही पोरं काकांना सारखं विचारायचो, "काका, उडी मारताना कसं वाटलं?" ते म्हणायचे, "उडी कसली? रांग होती रे. पुढचा गेला की आपण जायचं." आमची साफ निराशा व्हायची. आम्हाला दारात उभं राहून खाली बघणारा, दात आवळणारा हिरो हवा होता. काका सांगायचे ते बांधाबांधीचं. कुठला पट्टा कुठे, पुढच्याची पाठ आपण कशी तपासायची, आपली मागचा कशी तपासतो. फौजी उडी साधारण हजार-बाराशे फुटांवरून. पॅराशूटची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, बाहेर पडलं की छत्री आपोआप उघडते. हवेत गिरक्या नाहीत, हात पसरून तरंगणं नाही. खाली टेकेपर्यंत एखादा मिनिट, आणि खरं काम त्यानंतर सुरू. टांगाईलला गावकरी धावत आले, सामान गोळा करायला मदत केली, हे ते नेहमी सांगायचे. उडीचं मात्र एका वाक्यात संपवायचे.

याच टांगाईलची एक गोष्ट मला फार नंतर वाचायला मिळाली. या उडीची बातमी जगभर गेली ती एका फोटोसह. आभाळ पॅराशूटांनी भरून गेलेलं. पण तो फोटो टांगाईलचा नव्हताच! आग्र्याला पूर्वी झालेल्या सरावाचा होता. सैन्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी पुढे स्वतःच ते लिहून ठेवलंय. फोटो एवढा भरगच्च की उतरलेली पलटण जगाला आख्खी ब्रिगेड वाटली. म्हणजे आपल्या इतिहासातली सर्वात गाजलेली पॅराशूट उडी लोकांनी पाहिली तीसुद्धा सरावाच्या फोटोत. सिनेमावाल्यांना उगाच नावं कशाला ठेवायची?

असो. सिनेमाकडे वळू.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे केबल आलं. एका रात्री 'पॉइंट ब्रेक' लागला होता. १९९१ चा हॉलिवूडपट. बँका लुटणारे सर्फर आणि त्यांच्यामागे लागलेला पोलीस. त्यात किआनू रीव्हज पॅराशूट न घेताच विमानातून उडी टाकतो, आधी उडी मारलेल्या पॅट्रिक स्वेझीला हवेत गाठतो आणि पडता पडता दोघांची बाचाबाची होते. मी खुर्चीच्या टोकावर. काका शेजारी शेंगा सोलत बसलेले. म्हणाले, "का बे, याला ऐकू कसं येतंय?"

तेव्हा मी वैतागलो होतो. आता हिशोब केला तर काकांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा निघतो. पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. आपल्या होटगी रोडच्या विमानतळाजवळची ती सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आठवा, १५ जून २०२३ ला पाडली ती. सुमारे ९० मीटर उंच. तेवढी उंची हा माणूस पावणेदोन सेकंदांत पार करतो. त्या वाऱ्यात शेजाऱ्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून खरे स्कायडायव्हर हातांच्या खुणांनी बोलतात. शिवाय वेळ किती? १३ हजार फुटांवरून उडी मारून ५ हजारावर छत्री उघडायची तर हातात पाऊण मिनिट, फार तर पन्नास सेकंद. सिनेमात तेवढ्यात भांडण होतं, समेट होतो आणि तत्त्वज्ञानही सांगून होतं.

छत्री उघडल्यावर माणूस झपकन वर खेचला जातो, तेही तसंच. तो वर जातच नाही, फक्त त्याचा वेग कमी होतो. कॅमेरा धरलेला दुसरा माणूस अजून त्याच वेगाने पडत असतो, म्हणून आपल्याला तसं दिसतं.

पण सगळंच खोटं नसतं, आणि इथेच गंमत आहे. पॅट्रिक स्वेझी स्वतः खराखुरा स्कायडायव्हर होता. जेम्स बाँडच्या १९७९ च्या 'मूनरेकर' ची सुरुवात आठवते? बाँडला पॅराशूटशिवाय विमानातून ढकलतात आणि तो हवेतच शत्रूच्या पाठीवरचं पॅराशूट हिसकावून घेतो. कुणालाही वाटेल, ही शुद्ध थाप. पण ते दृश्य स्टंटवाल्यांनी खरोखर आभाळात घेतलं. कपड्यांच्या आत लपवलेली पातळ पॅराशूट्स, आणि त्या दोन-तीन मिनिटांच्या दृश्यासाठी ८८ उड्या! 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट' (२०१८) मध्ये टॉम क्रूझने २५ हजार फुटांवरून उडी मारली, त्यासाठी १०६ वेळा उडी मारून झाली. म्हणजे उडी खरीच असते. सिनेमा कापून टाकतो त्या बाकीच्या १०५.

आता ताईच्या भीतीबद्दल. सिनेमात उडी मारणारा मरतो तो छत्री उघडली नाही म्हणून किंवा खलनायकाने पट्टा कापला म्हणून. प्रत्यक्षात पाठीवर दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीने दगा दिला तर ती सोडून देऊन राखीव उघडायची. ही राखीव छत्री परवानाधारक माणसानेच घडी करायची, असा नियम आहे. शिवाय एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला आणि जमिनीपासून साडेसातशे फुटांवर तसाच वेगाने पडत असला, तर ते यंत्र राखीव छत्री आपणहून उघडतं. सायप्रेस नावाचं हे जर्मन यंत्र बाजारात आलं १९९१ मध्ये, म्हणजे 'पॉइंट ब्रेक' आला त्याच वर्षी. त्या सिनेमाने किती जणांना उडी मारायला लावलं कोण जाणे, पण या यंत्राने किती जण घरी परत गेले हे कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेत साधारण ३६ लाख उड्या झाल्या आणि त्यात १० माणसं दगावली. दहा हा आकडा शून्य नाही, हे मी ताईपासून लपवणार नाही. पण ही माणसं कशी जातात ते वाचून मी चमकलो. त्यातली बरीच जण पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली जातात. जमिनीजवळ आल्यावर जोरात वळण घेतात आणि उंचीचा अंदाज चुकतो. भीती संपल्यावर, "आता काय, पोचलोच" असं वाटल्यावर. हे दृश्य सिनेमात कशाला येईल? तोवर तिथे संगीत सुरू झालेलं असतं.

आपल्या मराठी मुलखातली पुण्याची शीतल महाजन घ्या. १८ एप्रिल २००४ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिने आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. हेलिकॉप्टरमधून, २४०० फुटांवरून, उणे ३७ अंशात. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिका. २०११ मध्ये पद्मश्री. त्याच वर्षी जुलैत 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला. त्यातला उंचीला घाबरणारा इम्रान स्पेनच्या आभाळात भीतीवर मात करतो. आम्ही सगळ्यांनी तो सिनेमा दोन-दोनदा पाहिला आणि उडी म्हणजे एका दिवसात आयुष्य बदलणारी गोष्ट, असं ठरवून टाकलं. पद्मश्रीची बातमी आमच्या घरात कुणाच्याही लक्षात नव्हती. माझ्याही नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शीतलने थायलंडला नऊवारी नेसून १३ हजार फुटांवरून उडी मारली. ही उडी सिनेमात असती तर? पदर आभाळभर फडफडला असता, केस मोकळे. खऱ्या उडीत लुगडं फडफडू नये म्हणून पिना लावून पक्कं करावं लागलं, त्यावर पॅराशूटचे पट्टे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, पायात बूट. मला तो फोटो बघताना काकांचीच आठवण झाली. कुठला पट्टा कुठे.

माझ्या मते सिनेमाची खरी चूक वेगाची किंवा आवाजाची नाही. ती ध्यानात आली की सोडून देता येते. चूक ही की सिनेमाला उडणारा माणूस बेफिकीर हवा असतो. जगाला लाथ मारणारा, नाहीतर मरायला निघालेला. ताई घाबरली ती त्यालाच. तिला वाटलं, पोरगी तशी झाली. पण या लोकांचं एका उडीमागचं आयुष्य बघितलं तर ते आपल्या सिद्धेश्वरच्या पुजेच्या तयारीसारखं दिसतं. तपासायचं, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, वारा बघायचा. आणि वारा नको म्हणाला तर दिवसभर हँगरमध्ये चहा पीत बसून, उडी न मारताच घरी जायचं.

मी भाचीला फोन केला. समजवायचं असं काही ठरवलं नव्हतं. विचारलं, "काय चाललंय?" म्हणाली, "मामा, उडी कुठली? दोन शनिवार नुसता वारा आहे. आम्ही घड्या घालायला शिकतोय." तिने व्हिडिओ पाठवला. मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर पसरलेलं निळं-पांढरं कापड, आणि ही गुडघ्यावर बसून हळूहळू त्यातली हवा दाबत, एकेक पदर सारखा करत घडी घालतेय. पिशवीत मावेना, परत सोडली. परत पहिल्यापासून.

काका दुकानात चादर अशीच घालायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी कडेला कड जुळल्याशिवाय हात काढायचे नाहीत. एकदा मी विचारलं होतं, "एवढं काय त्यात?" तर म्हणाले, "टांगाईलला माझी छत्री कुणी घातली होती ते मला माहीत नाही. कधी भेटलो नाही त्याला. त्याने घाई केली नाही एवढंच माहीत आहे." काकांना जाऊन आता बारा वर्षं झाली. हे वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ते वाक्य आणि तो व्हिडिओ, दोन्ही मी ताईला पाठवलं. "काही होणार नाही" असं लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरी असताना कधी एका पांघरुणाची घडी घातली नाही कार्टीने."

हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. फक्त दर उडीनंतर, खाली टेकल्या टेकल्या फोन करायचा, एवढी अट घातलीय. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. त्यामुळे यापुढे शनिवारी रात्री आमच्याकडे दोन घरांत दिवे उशिरापर्यंत चालू असतील.