विवाहप्रसंगाची छायाचित्रे आणि स्वस्थपणाचा प्रश्न

२५ जानेवारी १८५८ रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या थोरल्या मुलीचा विवाह प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक विल्यम याच्याशी झाला. विवाहविधी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात व्हावयाचा होता. तिकडे निघण्यापूर्वी राणी, तिचा पती अल्बर्ट आणि वधू अशा तिघांचे एकत्र छायाचित्र टॉमस रिचर्ड विल्यम्स या छायाचित्रकाराने घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे, दागेरोटाइप या नावाने ओळखले जाणारे ते चित्र होय. अल्बर्ट आणि वधू त्यात स्पष्ट दिसतात. राणीचा चेहरा मात्र पुसट झाला आहे. त्याचे कारण राणीनेच त्या दिवसाच्या रोजनिशीत नोंदविले आहे. आपल्याला इतका कंप सुटला होता की आपली छबी अस्पष्ट आली, असे ती लिहिते.

विवाहसंस्थेच्या इतिहासाचे एक साधन म्हणून जुन्या छायाचित्रांकडे पाहण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत अलीकडे वाढली आहे, आणि ती स्वागतार्हही आहे. परंतु ह्या साधनाचा उपयोग करताना एक चूक वारंवार होते. चित्रातील माणसे गंभीर व ताठ दिसली की तो विवाह रुक्ष ठरतो; ती सैल व प्रसन्न दिसली की तो सुखाचा ठरतो. वस्तुतः कॅमेऱ्यापुढील स्वस्थपणा हा कधीही केवळ मनाचा गुण नव्हता. काच किंवा पत्रा किती वेळ उघडा ठेवावा लागे, प्रकाश कोठून येई, कॅमेऱ्यामागे कोण उभे असे आणि चित्र बिघडल्यास ते पुन्हा घेता येई की नाही, ह्या बाह्य गोष्टींनी तो घडविला. व्हिक्टोरियाच्या घराण्यातील विवाहचित्रे ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत, कारण त्यांचे दिनांक पक्के आहेत आणि चित्रात दिसणाऱ्या व्यक्तीची स्वतःची साक्षही काही ठिकाणी उपलब्ध आहे.

राणीचा स्वतःचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. त्या प्रसंगाचे छायाचित्र नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. दागेरची पद्धती जाहीर होऊन त्या वेळी वर्षही लोटले नव्हते, आणि माणसाचे चित्र घेण्याइतकी ती जलद झालेली नव्हती. युरोपातील पहिला सार्वजनिक छायाचित्र-स्टुडिओ रिचर्ड बेअर्ड याने लंडनमध्ये उघडला तो मार्च १८४१ मध्ये. तेव्हा विवाहाच्या दृश्याचे काम सर जॉर्ज हेटर या चित्रकाराकडे आले आणि ते १८४२ पर्यंत चालले. पुढे १८४७ मध्ये राणीने विवाहाचा पोशाख पुन्हा अंगावर चढवून विंटरहाल्टरकडून आपले चित्र काढून घेतले व विवाहाच्या वाढदिवशी पतीला ते भेट दिले. चित्रकाराच्या कलेचा हा लाभ ध्यानात घेतला पाहिजे. वधूचा हात विवाहदिनी थरथरला की नाही, हा प्रश्न कुंचल्यापुढे उद्भवतच नाही. सात वर्षांनंतरची प्रौढ, स्थिर स्त्री नववधूच्या वस्त्रांत रंगविता येते आणि पाहणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

१८५४ मध्ये रॉजर फेंटन याने राणी व अल्बर्ट यांची काही छायाचित्रे घेतली. त्यांतील पांढरा पोशाख, फुले आणि मस्तकावरील तलम वस्त्र पाहून ‘विवाहाचे छायाचित्र’ किंवा ‘विवाहप्रसंगाचे पुनर्दर्शन’ म्हणून ती आजही छापली जातात. हा समज निराधार आहे. तो दरबारी पोशाख होय, आणि चित्रे विवाहानंतर चौदा वर्षांनी घेतलेली आहेत. तथापि हा समज इतका टिकून राहिला, ह्याचे कारण शोधण्यासारखे आहे. ज्या काळी छायाचित्र नव्हते त्या काळच्या विवाहाचेही छायाचित्र असलेच पाहिजे, असे नंतरच्या वाचकांना वाटू लागले होते.

छायाचित्रणाच्या आरंभीच्या दोन दशकांत चित्रासाठी बसणे हा एक प्रकारचा देहदंडच होता. १८४० च्या सुमारास व्हिएन्नाच्या पेट्झव्हालने तयार केलेले भिंग आणि त्याच वेळी पत्र्यावर ब्रोमीनची क्रिया करण्याची नवी रीत, ह्या दोहोंमुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले खरे. पण सेकंद म्हणजे क्षण नव्हे. प्रकाश असेल त्याप्रमाणे काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ, निश्चल राहावे लागे. ह्यासाठी छायाचित्रकार एक लोखंडी दांडी खुर्चीमागे उभी करीत. तिच्या वरच्या टोकाला असलेल्या चिमट्यात डोक्याची मागची बाजू टेकविली जाई. उभ्या माणसांच्या जुन्या चित्रांत बुटांच्या मागे लोखंडी बैठकीचे पाय डोकावताना दिसतात, ते ह्याच साधनाचे. डोळे मिटू नयेत, श्वास जोराने घेऊ नये, एका बिंदूवर नजर लावावी, ह्या सूचना त्यावर आणखी. स्मित इतका वेळ टिकत नाही, हे खरेच. पण केवळ त्यामुळेच त्या काळची माणसे हसत नसत असे म्हणणेही एकांगी ठरेल. तैलचित्रांच्या परंपरेत उघडे हास्य हे थिल्लरपणाचे लक्षण मानले जाई, आणि छायाचित्रासाठी बसणारा मनुष्य मनाने तैलचित्रासाठीच बसत असे.

व्हिक्टोरियाला ह्या शिस्तीचा अनुभव विवाहप्रसंगाच्या आधीच आला होता. १७ जानेवारी १८५२ रोजी विल्यम एडवर्ड किलबर्न याने बकिंगहॅम राजवाड्यात राणी व तिची पाच मुले यांचे दागेरोटाइप घेतले. मुले चांगली आली, पण राणीचे डोळे नेमक्या वेळी मिटले. तिने पत्र्यावरील स्वतःचा चेहरा खरवडून काढला. मुलांच्या मध्यभागी तो खरवडलेला भाग आजही दिसतो. दोनच दिवसांनी ती पुन्हा चित्रासाठी बसली, परंतु ह्या वेळी कडेला तोंड फिरवून आणि मोठी टोपी घालून, म्हणजे कॅमेऱ्याला चेहऱ्याचा जितका कमी भाग देता येईल तितकाच देऊन. साम्राज्याची अधिष्ठात्री असलेल्या स्त्रीचाही आत्मविश्वास पत्र्यापुढे असा डळमळला. पण तिच्याजवळ एक सवलत होती आणि ती सामान्यांजवळ नव्हती: छायाचित्रकाराला परवा पुन्हा बोलाविता येत असे.

विवाहाच्या दिवशी ही सवलत राणीलाही उरत नाही. मिरवणुकीची वेळ ठरलेली, वधू सतरा वर्षांची आणि काही दिवसांतच परदेशी जाणारी, जानेवारीतील लंडनचा मंद प्रकाश, आणि त्यात दागेरोटाइपची पद्धती. ओल्या कलोडियनची काच १८५१ पासून प्रचारात आली होती व १८५८ पर्यंत तिने पत्र्याला बरेच मागे टाकले होते. तरीही ह्या प्रसंगी जुनीच पद्धती वापरली गेली. त्यामुळे राणीचा कंप चित्रात उतरला. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुलीच्या पाठवणीच्या वेळी आईचे अंग कापावे, हा दोष नव्हे. लंडन असो की सातारा, तो अपेक्षितच मानला जातो, आणि तो न दिसला तरच लोक बोलतील. त्याला दोषाचे रूप आले ते साधनाच्या मंदपणामुळे. शिवाय चित्रात जिची परीक्षा व्हावयाची ती वधू पूर्णपणे स्थिर उभी आहे, आणि सोळा वर्षे कॅमेऱ्याचा परिचय असलेल्या घरातील वडीलधारी स्त्री अस्पष्ट झाली आहे. वधूच्या ह्या स्थैर्यावरून तिच्या मनाचा थांग लावू पाहणे मात्र धाडसाचे होईल. १८५२ चे चित्र खरवडून टाकणाऱ्या राणीने हे चित्र मात्र जपून ठेवले. ते अद्याप राजघराण्याच्या संग्रहात आहे.

१० मार्च १८६३ रोजी युवराज एडवर्ड याचा विवाह डेन्मार्कच्या अलेक्झांड्राशी विंडसर येथे झाला. अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारला होता. त्या दिवशी मेयॉल याने घेतलेल्या चित्रात वधूवर उभे आहेत, शोकवस्त्रातील राणी बसलेली आहे आणि तिची दृष्टी अल्बर्टच्या अर्धपुतळ्याकडे लागलेली आहे. येथे राणी अगदी स्पष्ट उमटली आहे. काच अधिक जलद होती हे एक कारण. पण ह्याहून महत्त्वाचे कारण असे की तिला आता कॅमेऱ्याकडे पाहावयाचे नव्हते. डोळ्यांना काम मिळाले की देह आपोआप स्थिर होतो, हे स्टुडिओतील अनुभवी माणसे जाणत होती. शोकाची ही मुद्रा कृत्रिम होती असे समजण्याचे कारण नाही. ती खरी होती आणि सोयीचीही होती.

ह्याच सुमारास व्यापाराने ह्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. पॅरिसच्या दिस्देरीने नोव्हेंबर १८५४ मध्ये एकाच काचेवर आठ किंवा दहा लहान चित्रे घेण्याच्या रीतीचा एकाधिकार मिळविला. भेटपत्राच्या आकाराची ही चित्रे स्वस्त होती, आणि १८६० मध्ये मेयॉलने राजघराण्याची अशी चित्रे विक्रीस आणल्यावर इंग्लंडात त्यांची लाट उसळली. ह्या स्वस्ताईचे आर्थिक परिणाम बहुतेक इतिहासकारांनी नोंदविले आहेत. तिचा मानसिक परिणामही तितकाच मोठा असावा. आठ चित्रांपैकी एक बिघडले तर सात उरतात. चुकण्याची मुभा मिळाल्यावर मनुष्य सैल होतो, आणि बसण्याउठण्याचे नमुने घरोघरच्या संग्रहपुस्तकांत पाहावयास मिळू लागल्यावर त्याला हात कोठे ठेवावा हेही कळते. पुढे १८७१ नंतर जिलेटिनची कोरडी काच आली, १८८० च्या सुमारास ती बाजारात सर्वत्र मिळू लागली आणि मानेमागचा लोखंडी चिमटा हळूहळू अडगळीत गेला.

जुलै १८९३ मध्ये राणीच्या नातवाच्या, म्हणजे पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या ड्यूक ऑफ यॉर्कच्या, विवाहप्रसंगी डाउनी बंधूंच्या स्टुडिओने राणीचे एक चित्र घेतले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या राणीने त्यात आपल्या १८४० च्या विवाहातील जाळीदार वस्त्र मस्तकावर घेतले आहे. हेच चित्र १८९७ मध्ये हीरकमहोत्सवाचे अधिकृत चित्र म्हणून प्रसिद्ध झाले, आणि स्वामित्वहक्काचे बंधन नसल्यामुळे डब्यांपासून पेल्यांपर्यंत सर्वत्र छापले गेले. सार्वभौम सत्तेचा अविचल चेहरा म्हणून जगाने जो ओळखला, तो एका लग्नघरातील आजीबाईचा चेहरा होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मुंबईत ही विद्या फारशी मागाहून आली नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक पुढे आले. परंतु विवाहाच्या चित्रापुढे येथे वेगळ्या अडचणी होत्या. मुहूर्त छायाचित्रकाराच्या सोयीने निघत नाही. गोरज मुहूर्तावर अंतरपाट दूर होतो तेव्हा दिवस मावळतीला आलेला असतो, आणि मांडवातील दिव्यांचा उजेड त्या काळच्या काचेला पुरेसा नव्हता. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून प्रकाश पाडण्याची रीत जर्मनीत १८८७ मध्ये निघाली. तिचा भडका आणि धूर मांडवात किती जणांना रुचला असता, हे सांगणे नलगे. अशा परिस्थितीत विवाहविधी आणि विवाहाचे चित्र ही दोन निरनिराळी कार्ये होऊन बसली. अक्षता पडल्यावर, दुसऱ्या दिवशी किंवा त्याही नंतर, वधूवरांना पुन्हा नटवून पडद्यापुढे बसवावे लागे.

कॅमेऱ्यामागे कोण आहे, ह्या प्रश्नाचे महत्त्व येथे अधिक होते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला व तो एका इंग्रज स्त्रीच्या हाती सोपविला. पडद्यातील स्त्रियांच्या संकोचावर शोधलेला तो व्यवहारी उपाय होता, आणि संकोच हा वधूचा स्वभावदोष नसून परिस्थितीचा परिणाम आहे हे त्या व्यावसायिकाने ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत सापडणाऱ्या विवाहचित्रांचे वाचन ह्या सर्व गोष्टी ध्यानी ठेवून केले पाहिजे. वधूची नजर खाली आहे, एवढ्यावरून ती लाजरी होती किंवा दुःखी होती असे ठरविता येत नाही. खाली पाहणे हा तिला शिकविलेला शिष्टाचार होता आणि डोळे मिटण्याच्या भीतीवरचा उपायही होता. खुर्चीच्या पाठीवर घट्ट ठेवलेला हात अधिकाराचा द्योतक असेल, किंवा तोल सावरण्यासाठीही असेल. त्याहून मोठी अडचण वयाची आहे. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहाचे बारा केले. मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची मर्यादा १९२९ च्या सारडा कायद्याने घातली व ती १ एप्रिल १९३० पासून अमलात आली. म्हणजे त्यापूर्वीच्या कितीतरी चित्रांत शालू नेसून बसलेली व्यक्ती ही एक लहान मूल आहे, आणि तिच्या निश्चलतेला आत्मविश्वास म्हणणे किंवा भीती म्हणणे ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच उतावळ्या आहेत. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले सापडते, कधी पाठीमागे दिनांकही असतो. वधूचे नाव असलेच तर ते सासरचे असते. तांदळांत लिहून आदल्या दिवशी ठेवलेल्या त्या नावाने हाक मारल्यावर वर पाहावयाचे, हेही तिला अजून सवयीचे झालेले नसावे.